दगडी फरशी आणि तिच्याखालची ऊब

घराच्या तळमजल्यावर अंडरफ्लोअर हीटिंग, म्हणजे जमिनीखालून खोली तापवणारी यंत्रणा, घालून त्यावर नैसर्गिक दगडाची फरशी बसवण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा बहुतेकांनी एकच शंका बोलून दाखवली: दगड तापून तडकणार नाही का? शंका स्वाभाविक आहे, पण भीती भलत्याच थराची धरली जाते. राहत्या खोल्यांत फरशीच्या पृष्ठभागाचे तापमान २९ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, असे युरोपीय मानक सांगते. न्हाणीघरासाठी ही मर्यादा ३३ अंश, तर बाहेरच्या भिंतीलगतच्या, फारसा वावर नसलेल्या पट्ट्यासाठी ३५ अंश आहे. उन्हात पडून राहिलेला दगड याहून कितीतरी जास्त तापतो आणि त्याला काही होत नाही. दगडी फरशी बिघडते ती तिच्याखालच्या कोब्यात, म्हणजे पाइपांवर ओतून घट्ट होणाऱ्या थरात, राहून गेलेल्या ओलाव्यामुळे आणि त्या कोब्याच्या हालचालीला वाव न ठेवल्यामुळे. त्यामुळे या लेखात दगडापेक्षा कोब्याबद्दल अधिक लिहिले आहे, आणि ते जाणूनबुजून आहे.

दगडाची बाजू आधी मांडतो. २० मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी उष्णतेच्या वाटेत जेवढा अडथळा करते, त्याच्या दहा पटींहून अधिक अडथळा १५ मिलिमीटर जाडीचे लाकूड करते. अडथळा कमी म्हणजे पाइपमधले पाणी फारसे न तापवताही खोली उबदार राहते. साधारण ३५ ते ४५ अंशांच्या पाण्यावर काम भागते, आणि उष्णता हीट पंपाकडून (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने आत खेचणाऱ्या यंत्राकडून) येत असेल तर पाण्याचे तापमान जितके कमी तितका त्याचा वीजवापर कमी. दगड आणि जमिनीखालची ऊब यांची जोडी काही आजची नाही. कोरियातील ओंदोल पद्धतीत चुलीचा धूर सपाट दगडांच्या खालून नेत असत, आणि रोमन स्नानगृहांत बुटक्या खांबांवर उचललेल्या जमिनीखालून गरम हवा खेळवली जाई. या जोडीला मर्यादा आहे ती वेगाची. दगड आणि कोबा मिळून बराच वजनदार थर होतो, तो तापायला तास लागतात आणि निवायलाही तास लागतात. येता-जाता बटण दाबून खोली गरम करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे आधीच समजून घ्यावे. ही यंत्रणा हिवाळाभर मंद, सलग चालू ठेवायची असते.

आमच्याकडे राहत्या खोल्यांत गरम पाण्याचे पाइप आहेत आणि न्हाणीघरात विजेची तार. पाण्याच्या यंत्रणेत तळाला इन्सुलेशनचे तक्ते, त्यावर १६ मिलिमीटर व्यासाचे पाइप, एका फेऱ्याची लांबी शंभर मीटरच्या आत, आणि भिंतीच्या कडेने सगळीकडे फोमची पट्टी, अशी रचना असते. पाइप अंथरून झाले की त्यांत दाब भरून गळती तपासतात आणि कोबा ओततानाही तो दाब तसाच ठेवतात. त्यामागचे कारण सरळ आहे: काम चालू असताना कोणाच्या फावड्याचे टोक पाइपला लागले, तर दाबमापकाचा काटा तिथल्या तिथे खाली येतो आणि ओला कोबा बाजूला सारून पाइप दुरुस्त करता येतो. त्या दिवशी मी मापकाजवळच उभा होतो आणि काटा जागचा हलला नाही.

आता कोबा. वाळू-सिमेंटचा कोबा अशा ठिकाणी साधारण ६५ ते ७५ मिलिमीटर जाडीचा घालतात. दुसरा प्रकार ॲनहायड्राइटचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटवर आधारलेला पातळ, वाहता कोबा. तो थोड्या कमी जाडीत चालतो, पाइपभोवती फटी न ठेवता पसरतो आणि जवळजवळ आपोआप सपाट होतो. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्हींची वागणूक निराळी आहे आणि फरशी बसवणाऱ्याला खाली नेमके काय आहे हे माहीत असलेच पाहिजे. ॲनहायड्राइटच्या पृष्ठभागावर वाळताना एक मऊ, पांढरट साय येते. ती घासून काढावी लागते आणि धूळ पूर्णपणे ओढून घेऊन प्रायमर लावावा लागतो. प्रायमर न लावता त्यावर थेट लाद्या चिकटवायचे सिमेंटचे ॲडहेसिव्ह पसरले, तर कोब्यातले सल्फेट, सिमेंटमधले ॲल्युमिनेट आणि ओलावा यांच्यापासून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात, ते फुगतात आणि ॲडहेसिव्हला कोब्यापासून उचलून वेगळे करतात. अशी फरशी काही महिन्यांनी अखंड निघून येते. तिच्या पाठीवर ॲडहेसिव्ह जसेच्या तसे चिकटलेले असते आणि खाली कोबा स्वच्छ दिसतो. हा दोष दगडाचा नसतो आणि ॲडहेसिव्हचाही नसतो.

कोबा घालून झाला की घरातल्या प्रत्येकाला फरशीची घाई होते, आणि नेमके याच टप्प्यावर घाई नडते. सिमेंटचा कोबा किमान २१ दिवसांचा आणि ॲनहायड्राइटचा किमान ७ दिवसांचा होईपर्यंत त्यात गरम पाणी सोडायचे नाही. त्यानंतर पहिली तापवणी करायची, तीही फरशी बसवण्यापूर्वी. सुरुवातीला २० ते २५ अंशांचे पाणी किमान ३ दिवस फिरवायचे, मग तापमान हळूहळू यंत्रणेच्या कमाल मर्यादेपर्यंत न्यायचे, तिथे किमान ४ दिवस स्थिर ठेवायचे आणि तसेच हळूहळू उतरवायचे. रोजच्या नोंदी कागदावर ठेवायच्या: तारीख, जाणाऱ्या पाण्याचे तापमान, परत येणाऱ्या पाण्याचे तापमान. या तापवणीचे काम दुहेरी आहे. एक तर तिने कोब्याच्या पोटातला ओलावा बाहेर निघतो, आणि दुसरे म्हणजे कोब्याला जिथे तडकायचे असेल तिथे तो आत्ताच तडकतो. केसासारख्या बारीक भेगा पडल्या तर घाबरण्याचे कारण नाही. त्या रुंदावून, त्यांत आडव्या पोलादी पट्ट्या बसवून इपॉक्सीने भरता येतात. हीच भेग फरशीखाली पडली असती, तर दगडातून आरपार वर आली असती.

एवढे होऊनही कोबा वाळला असे गृहीत धरता येत नाही. आमचा कोबा वरून पांढराफटक दिसत होता, हाताला कोरडा लागत होता, चालताना धूळ उडत होती. तरीही कारागिरांनी एका संध्याकाळी त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून बसवला, आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेले होते. ही झाली ढोबळ चाचणी. आकडा हवा असेल तर कार्बाइडची पद्धत वापरावी लागते. कोब्यात छिन्नीने खळगा करून थेट तळाजवळचा नमुना काढतात, खलात कुटतात, काटेकोर वजन करून पोलादी बाटलीत घालतात. त्यासोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी सोडून बाटली घट्ट बंद करतात आणि हलवतात. कुपी फुटते, कार्बाइड आणि ओलावा एकत्र येऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि बाटलीच्या झाकणावरच्या दाबमापकाचा काटा सरकू लागतो. तो जिथे स्थिरावतो त्यावरून ओलाव्याची टक्केवारी कळते. हीटिंग असलेल्या सिमेंटच्या कोब्यासाठी १.८ टक्के आणि ॲनहायड्राइटसाठी ०.३ टक्के ही सर्वमान्य मर्यादा आहे. दुसरा आकडा फारच लहान आहे याकडे लक्ष द्यावे. ॲनहायड्राइट लवकर वाळतो असे म्हणतात ते खरे असले, तरी त्याला वाळायचेही जास्त असते.

नमुना काढण्याच्या जागा कोबा ओतण्यापूर्वीच ठरवून खुणा करून ठेवाव्या लागतात, नाहीतर छिन्नी पाइपवर बसण्याचा धोका असतो. आमच्या पहिल्या मोजणीत आकडा मर्यादेच्या वर आला. मग हीटिंग चालू ठेवून, खिडक्या अधूनमधून उघडून दमट हवा बाहेर काढत वाट पाहिली, आणि दुसऱ्या मोजणीत आकडा बसला तेव्हाच फरश्यांच्या पेट्या घरात आणल्या.

यावर एवढा भर देण्याचे कारण दगडाच्या स्वभावात आहे. सिरॅमिकच्या टाइलला पाठीमागून ओलावा आला तरी तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. नैसर्गिक दगड सच्छिद्र असतो, आणि खालून ऊब मिळाली की ओलावा त्याच्यातून वर ओढला जातो. येताना तो क्षार बरोबर आणतो आणि ते पृष्ठभागावर पांढऱ्या पावडरीसारखे उमटतात. दगडात लोहाची संयुगे असतील तर तांबूस डाग पडतात, आणि फिक्या चुनखडकावर कडेने पिवळी झाक चढते. काही हिरवे दगड, विशेषतः सर्पेंटाइन जातीचे, पाण्याचा स्पर्श होताच कडांना वाकतात; त्यांना पाण्याने कालवायचे ॲडहेसिव्ह चालत नाही, इपॉक्सी किंवा तत्सम रेझिनचेच लागते. पृष्ठभागावरचे डाग नंतर घासून काढता येतील असे वाटते, पण ओलाव्याचा स्रोत खालीच असल्यामुळे ते पुन्हा येत राहतात.

हालचालीचा हिशेब अवघड नाही. सिमेंटचा कोबा एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. आठ मीटर लांबीची खोली २० अंशांनी तापली तर ही वाढ जवळजवळ २ मिलिमीटर होते. त्याच अंतरात ग्रॅनाइट सुमारे सव्वा मिलिमीटर वाढतो, आणि कित्येक संगमरवर व चुनखडक त्याहून कमी. म्हणजे खालचा थर जास्त सरकणार, वरचा कमी, आणि दोघांमधला फरक ॲडहेसिव्हच्या चार-पाच मिलिमीटरच्या थराने सोसायचा. हे रोज थोडे थोडे, प्रत्येक हिवाळ्यात, वर्षानुवर्षे चालणार. म्हणून ॲडहेसिव्ह लवचीक वर्गातले लागते. पिशवीवर सी२ आणि एस१ या दोन्ही खुणा आहेत की नाहीत, हे स्वतः वाचून घ्यावे. पहिली खूण चिकटपणाची, दुसरी लवचीकपणाची. फिक्या दगडासाठी ॲडहेसिव्ह पांढरेच घ्यावे, कारण करड्याची सावली दगडातून वर दिसते.

पण ॲडहेसिव्ह कितीही चांगले असले तरी सांध्यांचे, म्हणजे हालचालीसाठी मुद्दाम सोडलेल्या फटींचे, काम ते करू शकत नाही. हीटिंग असलेला कोबा ४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या अखंड तुकड्यात ठेवू नये, त्याची कोणतीही बाजू ८ मीटरपेक्षा लांब असू नये, आणि प्रत्येक दाराखाली तो तोडावा. एल आकाराची खोली असेल तर आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सांधा द्यावा, कारण ताण त्या कोपऱ्यावर एकवटतो. कोब्यातला हा सांधा फरशीतही त्याच रेषेत वर आला पाहिजे. इथे बहुतेक घरांत तडजोड होते. कोबा घालणारे येऊन सांधे देऊन जातात, नंतर फरशीवाले येतात, आणि त्यांच्या आखणीत तो सांधा लादीच्या मधोमध येतो. दिसायला वाईट नको म्हणून सांध्यावरूनच लादी बसवली जाते, आणि पुढे ती लादी सांध्याच्या रेषेवर सरळ तडकते. तडा इतका सरळ असतो की दगडच सदोष निघाला असे कोणी म्हणू लागले, तर त्या रेषेखाली काय आहे ते आधी पाहावे.

यावर उपाय कागदावर आहे. कोब्याच्याही आधी फरशीचा नकाशा काढावा: लादीचे माप, फटीची रुंदी, पहिली ओळ कोणत्या भिंतीपासून, दाराशी काय येते. मग कोब्यातला सांधा लादीच्या फटीखाली येईल असा आखून घ्यावा. दाराशी तो बंद दाराच्या फळीखाली येईल असे बघितले, तर दोन्ही खोल्यांतून तो नजरेत भरत नाही. पाइप जिथे सांधा ओलांडतो तिथे त्यावर सुमारे ३० सेंटिमीटरची मोठी नळी चढवलेली असावी, म्हणजे दोन तुकडे वेगवेगळे हलले तरी पाइपवर ताण येत नाही. फरशीतल्या या फटीत सिमेंटचे भरण न घालता सिलिकॉन भरायचे, आणि तेही नैसर्गिक दगडासाठी बनवलेले. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे साधे सिलिकॉन संगमरवराची कड खाते, आणि इतर काही प्रकारांतला तेलकट अंश दगडात उतरून कडेने कायमची काळसर रेघ राहते.

भिंतीलगतच्या फोमच्या पट्टीबद्दलही असेच. ती कोब्याच्या वर डोकावत असते, पायात येते, आणि कोणीतरी ती आधीच कापून टाकते. मग फरशी बसवताना ॲडहेसिव्ह आणि भरण त्या फटीत उतरून घट्ट होते, आणि सगळी जमीन चारही भिंतींच्या कचाट्यात सापडते. पट्टी फरशी बसून, फटी भरून झाल्यानंतरच कापायची. आम्ही कामावर येणाऱ्या प्रत्येकाला हे पुन्हा पुन्हा सांगितले.

कोबा आणि फरशी यांच्यामध्ये घालायची प्लास्टिकची खाचेदार चटईही मिळते. ती दोन थरांची हालचाल एकमेकींपासून सोडवते, आणि मोठ्या लाद्यांखाली किंवा बारीक भेगा पडलेल्या कोब्यावर ती घालावी असे माझे मत आहे. मात्र ती घातली म्हणून दारातले आणि कोब्यातले सांधे वगळता येतात असे कोणी सांगितले, तर मानू नये.

प्रत्यक्ष फरशी बसवण्यापूर्वी ४८ तास आधी हीटिंग बंद केले जाते. गरम कोब्यावर ॲडहेसिव्हमधले पाणी उडून जाते आणि वर साय धरते, मग लादी बसते पण चिकटत नाही. लाद्या निरनिराळ्या पेट्यांतून काढून आधी कोरड्याच मांडून बघाव्यात, कारण एकाच खाणीच्या दगडात छटा बदलत जाते आणि एक-एक पेटी संपवत गेल्यास जमिनीवर पट्टे दिसतात. मांडताना प्रत्येक लादी बोटाच्या पेराने वाजवावी. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत चीर असलेला बद्द वाजतो. पाठीला रेझिनमध्ये बसवलेली जाळी आहे का, हेही बघावे. पातळ किंवा ठिसूळ दगडांना कारखान्यात अशी जाळी लावतात. तिच्यावर सिमेंटचे ॲडहेसिव्ह धरत नाही, तेव्हा एक तर रेझिनचे ॲडहेसिव्ह वापरावे लागते किंवा जाळी घासून काढावी लागते.

हीटिंगवरच्या लादीखाली पोकळी असता कामा नये. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे टाकून वरून लादी ठोकायची रीत इथे सपशेल नाकारावी. पोकळीतली हवा उष्णता अडवते, त्यामुळे फरशी ठिकठिकाणी थंड लागते, शिवाय फिक्या दगडातून ते गोळे डागांसारखे दिसतात. आमचे कारागीर कोब्यावर दातेरी थापीने एकाच दिशेने सरळ रेघा ओढत, लादीच्या पाठीवर सपाट थापीने पातळ लेप देत, आणि मग लादी त्या रेघांना आडवी पुढेमागे सरकवत दाबत. रेघा सरळ असल्या की मधली हवा बाहेर पडायला वाट मिळते. गोल फिरवलेल्या रेघांमध्ये ती अडकते. मधूनच ते नुकतीच बसवलेली एखादी लादी उचलून पाठ बघत. पाठ कोपऱ्यांपर्यंत भरलेली असली तरच पुढे जात, नसली तर थापीचे दाते मोठे घेत. अशी लादी उचलून बघणे म्हणजे काम मोडणे असे वाटून मालक मंडळी कुरकुरतात. खरे तर न सांगता असे करणारा कारागीर मिळाला तर त्याला जपावे.

दोन लाद्यांमधली फट किमान ३ मिलिमीटरची हवी. दगड दगडाला भिडवून, फट न दिसेल अशी मांडणी देखणी असते हे मान्य, पण हीटिंगवर ती करू नये. लाद्या एकमेकींना रेटतात आणि चकाकी केलेल्या कडांच्या कपच्या उडतात. सच्छिद्र दगडाला फटी भरण्यापूर्वी एकदा आत मुरणारे सीलर लावले, तर भरणाचा रंग कडांत उतरत नाही. काम पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा. पृष्ठभागावर थर धरणारी, चमक देणारी लेपने मात्र टाळावीत, कारण खालचा उरलासुरला ओलावा त्यांच्याखाली कोंडतो.

न्हाणीघरातल्या विजेच्या तारेबद्दल थोडक्यात. कोब्यावर इन्सुलेशनचा पातळ तक्ता, त्यावर तारेची जाळी, आणि थेट ॲडहेसिव्ह, असा पातळ थर असल्यामुळे फरशी लवकर तापते. जाळी कापता येते, तार कधीच कापायची नाही, आणि तिचे वळसे एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. तारेचा रोध पाकिटातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर मोजून तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. तारेच्या इन्सुलेशनची चाचणी मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, करावी. तारेचा जोड हवेत किंवा तक्त्याच्या खाचेत मोकळा न ठेवता पूर्णपणे ॲडहेसिव्हमध्ये गाडावा, नाहीतर तो जास्त तापतो. तापमानाचा सेन्सर नळीतून घालावा, म्हणजे तो बिघडल्यास फरशी न फोडता बदलता येईल. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचशिवाय) हे जोडकाम करूच नये. ते परवानाधारक वीजतंत्र्याचे आहे.

फरशी बसल्यावर पुन्हा वाट पाहणे आले. साध्या सिमेंटच्या ॲडहेसिव्हला किमान दोन आठवडे द्यावेत, लाद्या मोठ्या असतील तर चार, कारण ओलाव्याला बाहेर पडायला फक्त फटींचीच वाट असते. पिशवीवरची सूचना याहून जास्त सांगत असेल तर ती पाळावी. त्यानंतर पाण्याचे तापमान दिवसाला फार तर ५ अंशांनी वाढवत न्यावे. पुढेही दर हिवाळ्याच्या सुरुवातीला आम्ही असेच हळूहळू चढतो. पुसायला साधे पाणी आणि उदासीन साबण पुरतो. संगमरवर आणि चुनखडकाला आम्लाचा थेंबही लागू देऊ नये.

कोबा ओतण्यापूर्वी प्रत्येक खोलीतल्या पाइपची छायाचित्रे भिंतीपासून मोजपट्टी अंथरून काढून ठेवली होती. त्यांच्या प्रती मॅनिफोल्डच्या (सगळे पाइप जिथे एकत्र येतात त्या जोडणीच्या) पेटीच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत, म्हणजे उद्या कोणी जमिनीत भोक पाडायला आले तर आधी तिथे बघेल. त्याच पेटीत तापवणीच्या नोंदी, ओलाव्याचे आकडे, ॲडहेसिव्ह आणि भरणाची नावे, रंगाचा क्रमांक आणि तारेच्या रोधाचे तिन्ही आकडे आहेत. उरलेल्या लाद्या कोरड्या जागी कडेवर उभ्या करून ठेवल्या आहेत, कारण त्याच खाणीतून त्याच छटेचा दगड पुन्हा मिळेलच असे नाही.